नऊ ढोल, अकरा झांजा आणि डोनबोक

डोनबोक ड्रम चांगला वाजवतो, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यात ते हरवून जाईल. वाजवतो चांगला. विकत घेतो वाईट.

बावीस वर्षं आमचा बँड आहे. मी गाते आणि कीबोर्ड वाजवते, साम्बोर गिटार वाजवतो, आणि मागे डोनबोक. शिलाँगमधली अर्धी लग्नं आम्ही वाजवलीत. उरलेली अर्धी ज्यांनी वाजवली त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, चर्चमध्ये भेट होते.

डोनबोकच्या खरेद्यांचा इतिहास मोठा आहे. एकदा गुवाहाटीहून तो एक चकचकीत लाल संच घेऊन आला. गुवाहाटीत तो लाल होता. आमच्याकडच्या दमट हवेत महिनाभर राहिल्यावर लाकूड फुगलं आणि वरचा लाल कागद केळ्याच्या सालीसारखा सुटायला लागला. मग त्याने विजेवर चालणारे रबरी ड्रम घेतले. का, तर वजन नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. नोंगथिमाईच्या एका लग्नात वधू आत येत असतानाच वीज गेली. माझा कीबोर्डही गेला, पण मी निदान गात होते. डोनबोक मात्र मान डोलावत, डोळे मिटून, रबरावर टप टप टप करत बसला होता. वधूच्या आजीने विचारलं, "तो माणूस बरा आहे ना?"

प्रत्येक वेळी तो मला येऊन सांगायचा, "काँग, या वेळी धडा शिकलो." काँग म्हणजे ताई. मी म्हणायचे, "शाळा कधी सुटणार तुझी?"

या सगळ्यातून एक संच तेवढा टिकला होता. लहानसा, चार ढोलांचा, कडा घासलेला, आणि सोबत तीन जुन्या पातळ झांजा. काळ्या पडलेल्या. सगळं मिळून एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मावायचं आणि वर साम्बोरला बसायला जागा उरायची. त्या संचाबद्दल डोनबोक कधी बोलायचा नाही. तो नुसता वाजवायचा.

गेल्या सप्टेंबरात एका लग्नात आम्हाला बरठाकूर नावाच्या गृहस्थांनी ऐकलं. बड्या बाजारामागच्या टेकडीवर नवं हॉटेल झालंय, त्याचे ते व्यवस्थापक. म्हणाले, "आमच्या चहाच्या दालनात दुपारी चार ते सात, आठवड्यातून चार दिवस, महिन्याच्या पगारावर. पुढच्या महिन्यात एकदा येऊन वाजवून दाखवा."

ही गोष्ट डोनबोकसाठी काय होती ते समजून घ्या. त्याची बायको इबानरी घरातली धाकटी मुलगी. आमच्याकडे घर धाकट्या मुलीला मिळतं आणि जावई तिथे राहायला येतो. म्हणजे घर तिचं, आणि आई आहे तोवर आईचं. त्या घरात डोनबोक चोवीस वर्षं राहतोय आणि चोवीस वर्षं पाहुणा आहे. त्याची सासू मेइ थ्रिना जेवताना रोज एकदा तरी विचारते, "जावईबुवा, आज कुणाचं लग्न?" लग्न नसेल त्या दिवशी तो जेवताना बोलत नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा महिन्याचा पगार मिळणार होता. ती नोकरी त्याला हवी होती, माझ्यापेक्षा आणि साम्बोरपेक्षा दसपट हवी होती.

आणि हवी होती म्हणूनच त्याने विचार केला. हाच त्याचा घात. "काँग, मोठं हॉटेल आहे," तो म्हणाला. "त्या फुटक्या डबड्यांवर वाजवलं तर काय म्हणतील?"

दिमापूरला एक धडधडणारा बँड मोडला होता. त्यांचा ड्रमर इम्लोंग आता धर्मोपदेशक झाला होता आणि संच काढून टाकत होता. नऊ ढोल, त्यातले दोन पायाने वाजवायचे, आणि अकरा झांजा. जुना चार ढोलांचा संच देऊन वर थोडे पैसे, असा सौदा होता. डोनबोक म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर."

हे आमच्यातलं जुनं आहे. ड्रमवाल्याला स्वतःचा आवाज कधी ऐकू येत नाही, तो त्याच्या मधोमध बसलेला असतो. म्हणून घेताना एक कान सोबत न्यायचा, त्याला लांब उभं करायचं आणि विचारायचं, कसं वाटतं? बाकीच्या वेळी त्याचा कान साम्बोर असायचा, या वेळी साम्बोरची पाठ धरली होती. म्हणून मी गेले.

चर्चचं मोकळं सभागृह होतं. मी टोकाला उभी राहिले. डोनबोक त्या नऊ ढोलांच्या मागे बसला, नुसता टोपीचा गोंडा दिसत होता. आणि त्याने वाजवलं. मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. छत हललं. तो ओरडला, "कसं वाटतं?" मी दोन्ही हात वर करून ओरडले, "घेऊन टाक!"

रिकाम्या सभागृहात, एकट्याने, जोर लावून वाजवलेलं काहीही छानच वाटतं. मी बावीस वर्षं गातेय, मला हे कळायला हवं होतं. इम्लोंगने आमच्याकडे फार मायेने पाहिलं, गाडीत सामान चढवायला मदत केली, आणि डोनबोकच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला वाटलं, किती भला माणूस. तो सुटकेचा आनंद होता.

लुम्पारिंगला डोनबोकचं सासर मोटाररस्त्यापासून चौसष्ट पायऱ्या वर आहे. वीस ओझी, माझे आठ फेरे. पन्नासाव्या पायरीवर मी त्याला म्हटलं, "तुझ्या सासूनं तुला घरातून हाकललं तर मला आधी सांग, मी हे परत खाली नेणार नाही." तो हसत होता. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

संच कुठे मावणार? बैठकीच्या खोलीत. आणि त्याच आठवड्यात वस्तीतल्या प्रार्थनेची पाळी मेइ थ्रिनाच्या घराची. तीस माणसं आली आणि ढोलांच्या अधेमधे जिथे जागा मिळेल तिथे बसली. कुणीतरी मोठ्या ढोलावर क्वायची, म्हणजे पानसुपारीची, तबकडी ठेवली, तिच्यातला चुना ढोलाच्या कातड्याला लागला. पुरुषांनी टोप्या झांजांवर अडकवल्या. वडीलधाऱ्यांनी बायबल मधल्या ढोलावर उघडलं, आणि मला वाटतं त्या संचाचा तेवढाच काय तो नीट उपयोग झाला.

शेवटच्या प्रार्थनेला सगळे उठले. शांतता. वडीलधारे गेल्या वर्षी वारलेल्यांची नावं हळू आवाजात घेत होते. तेवढ्यात कुणाच्या तरी शालीची झालर एका झांजेच्या दांडीत अडकली आणि ती झांज दुसरीवर, दुसरी तिसरीवर, अशा चार झांजा जमिनीवर गेल्या. कडा वाकवलेली जी सगळ्यात मोठी होती ती बराच वेळ भिंगरत राहिली. आम्ही तीस जण डोळे मिटून ती थांबायची वाट पाहत उभे होतो.

"आमेन," मेइ थ्रिना म्हणाली. मग डोळे उघडून, "जावईबुवा, मेलेले उठले असतील तर त्यांनाही चहा द्या."

सगळे हसले. डोनबोकही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मला म्हणाला, "काँग, पहिला पगार येऊ दे. तिच्या हातातच ठेवणार आहे."

हॉटेलात वाजवून दाखवायला तीन टॅक्स्या लागल्या. चहाचं दालन म्हणजे तीन बाजूंना काचा, बारीक कपबशा, आणि कोपऱ्यात चार माणसं उभी राहतील एवढा चौथरा. डोनबोकचा संच लावल्यावर चौथरा संपला. मी आणि साम्बोर खाली, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांमध्ये. एक बाई माझ्या कीबोर्डवर पर्स ठेवायला निघाल्या होत्या.

मी डोनबोकला बजावलं, "हळू वाजव." बिचाऱ्याने खरंच हळू वाजवलं. पण जाड झांजा हळू मारल्या तर बोलतच नाहीत, नुसत्या खोकतात. आणि जोरात मारल्या की बोलायच्या थांबत नाहीत. दोन गाण्यांमध्ये तो घामाघूम झाला. एकदा हळू, मग कुणाला ऐकू येत नाही म्हणून जोरात, मग काचा थरथरल्या म्हणून परत हळू. शेवटी त्याने नऊतले सात ढोल सोडून दिले आणि दोनच वाजवायला लागला. तेही मोठ्या सभागृहासाठी कातडं ताणलेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कपावर बशी पालथी ठेवली.

बरठाकूर फार सभ्य माणूस. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सगळं सुंदर. पण त्या लग्नात तुमच्याबरोबर दुसरे ड्रमर होते ना? ते कुठे गेले?"

"तेच हे," मी म्हणाले.

"नाही हो," ते म्हणाले. "ते फार छान वाजवत होते."

डोनबोक चौथऱ्यावर बसून आमच्याकडे पाहत होता. त्याला ऐकू गेलं. तो खाली आला आणि म्हणाला, "साहेब, मला दोन आठवडे द्या. मी दुसरा संच बघतो." बरठाकूर म्हणाले, गुरुवारी सुरू करायचंय, पाहुणे येणार आहेत, हल्ली तालाची पेटी मिळते, बटण दाबलं की आपोआप ठेका धरणारी, छोटीशी, तिच्यावर भागवलं तर काय वाईट? असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय म्हणाले ते सांगते. लपवायचं असतं तर ही गोष्टच सांगितली नसती. माझे खांदे चौसष्ट पायऱ्यांनी दुखत होते, तीन टॅक्स्यांचं भाडं मी दिलं होतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला महिन्याचा पगार देत होतं. मी म्हणाले, "पेटी चालेल." डोनबोककडे न बघता म्हणाले, "तुझं नंतर बघू."

पोलीस बाजारातून मी ती पेटी आणली. दुकानदाराने लावून दाखवली. ठेका स्वच्छ, वजन दोन किलो, कपबशा सुरक्षित. दुकानात एकट्याने वाजताना फार छान वाटली.

बुधवारी मी लुम्पारिंगला गेले, म्हटलं नीट बोलून यावं. दार मेइ थ्रिनाने उघडलं. मला वाटलं, हिला तर आनंदच झाला असेल. मी म्हणाले, "मेइ, तुम्ही बरोबर म्हणत होता. काय ते वेड्यासारखं घेणं त्याचं."

"मी माझ्या घरात त्याला काय वाट्टेल ते म्हणेन," ती म्हणाली. "चोवीस वर्षं मी त्याला जेवायला घातलंय, मला हक्क आहे. तू कोण? दिमापूरला तू होतीस ना? लांब उभी राहून सांगायला नेलं होतं ना तुला? काय सांगितलंस?"

"घेऊन टाक म्हणाले," मी सांगितलं.

"मग एकट्यानेच का भोगायचं त्याने?" असं म्हणून ती आत गेली. तिने मला बस म्हटलं नाही, क्वाय दिलं नाही. आमच्याकडे शत्रूलाही क्वाय देतात.

गुरुवारी दुपारी मी टॅक्सीतून उतरले तर हॉटेलच्या दारात डोनबोक उभा. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर गोंड्याची टोपी. "साम्बोरची पाठ दुखते," तो म्हणाला. "कीबोर्ड कोण उचलणार?" आणि त्याने उचलला. माझी तार लावून दिली, पेटी माझ्या मागे स्टुलावर ठेवली, तिची तारही लावून दिली. मग मागच्या दाराशी, वेटर उभे राहतात तिथे जाऊन उभा राहिला.

पहिलं गाणं संथ होतं. शेकडो वेळा गायलेलं. दुसऱ्या ओळीनंतर मी श्वास घेतला आणि तिसरी ओळ उचलली, तर पेटी पुढे गेलेली. मी पळत जाऊन तिला गाठलं. पुढच्या कडव्यात पुन्हा तेच. साम्बोरने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी सवयीने मागे वळून पाहिलं. स्टुलावर पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

बावीस वर्षं लोक मला म्हणत आलेत, सिल्डा, तुझा ताल कसा पक्का. मीही तेच म्हणत आले. त्या दुपारी, तीस अनोळखी माणसांसमोर, मला कळलं की मी प्रत्येक गाण्यात दुसऱ्या ओळीनंतर उशिरा येते. कायम येत आले. आणि मागे बसलेला एक माणूस दर वेळी, कुणाला न कळता, माझ्यासाठी थांबत आला.

बरठाकूरांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत डोनबोक चहाचा कप घेऊन माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं त्याने, मी ऐकून घेतलं असतं.

"काँग," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्या ओळीनंतर श्वास थोडा लवकर घे. ती थांबणार नाही."