न धुतलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. पाठीवर घ्यायचा, एका हाताने दांडा मारायचा आणि दुसऱ्या हातातल्या नळीने फवारायचं, त्या जातीचा. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा मनाने मोठ्या असतात, झालं गेलं विसरून जातात. मी तसा नाही. माझ्या पोटात एका माणसाने विष ठेवलं, त्याचा राग मी अजून धरून आहे. तुम्हाला आवडो न आवडो.

एका कारखान्यात पितळेचा पत्रा ठोकून, वळवून आणि झाळून मला घडवलं. पाण्यात बुडवून बघितलं, एक बुडबुडा आला नाही, म्हणून कारागिराने माझ्या पाठीवर थाप मारली. मग एका द्राक्षबागवाल्याने मला घरी आणलं. त्याची जमीन चुनखडीची, पांढुरकी. वेली वाढायच्या, पण पानं पिवळी पडायची आणि नुसत्या शिरा हिरव्या राहायच्या. घडात एक मणी बोराएवढा, तर शेजारचा मिरीएवढा. व्यापारी यायचे, घड उचलून बघायचे आणि कुंपणापलीकडच्या बागेत निघून जायचे.

ती बाग बागवाल्याच्या चुलतभावाची. त्याच्या जिभेवर कायम साखर, म्हणून सगळे त्याला गोडकाका म्हणायचे. कोणाच्या घरी दुखलंखुपलं की हा आधी हजर. हा माणूस कोणाचं वाईट करील, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बागवाल्याची थोरली मुलगी मात्र गप्प बसणारी नव्हती. पिवळ्या पानांचे देठ तिने तपासून आणले. जस्त, बोरॉन आणि लोह, तिन्ही कमी. "बाबा, जमिनीत घालून उपयोग नाही. चुनखडी ते वेलीला घेऊच देत नाही. पानांतून द्यावं लागेल," ती म्हणाली.

"पानांना काय तोंड असतं?" बाबा हसले.

"असतं. खालच्या बाजूला. बघाच तुम्ही."

ती प्रत्येक पूड वेगळ्या बादलीत विरघळवायची, फडक्यातून गाळायची आणि मग माझ्यात ओतायची. प्रमाण अगदी हलकं, कारण बोरॉन जरा जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. ऊन चढायच्या आत आम्ही बागेत शिरायचो. मी बारीक धुकं सोडायचो आणि ती पानं उलटी करून भिजवायची. फुलोऱ्याच्या आधी एकदा, मणी धरल्यावर पुन्हा. मित्रांनो, त्या वर्षी पानं अशी हिरवीगार झाली, की बाबा चालता चालता थांबून त्यांवरून हात फिरवायचे. घड भरले, मणी सारखे झाले. व्यापारी आले आणि कुंपणापलीकडे गेलेच नाहीत. घरी परतल्यावर थोरलीने मला धुतलं, पुसलं आणि म्हणाली, "शाबास रे!" त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

पुढच्या हंगामात गोडकाका आला. "पोरी, तुझा पंप दे ना एक दिवस. माझा बिघडलाय." तिने आनंदाने दिला.

त्याने माझ्यात तणनाशक भरलं आणि बांधावरचं गवत मारलं. तिथवर माझी तक्रार नाही. पण परत द्यायच्या वेळी त्याची बायको, म्हणजे काकू, म्हणाली, "अहो, नीट धुऊन द्या. वेलीला त्याचा थेंबसुद्धा चालत नाही."

गोडकाकाने मला वरवर पुसलं. "चालत नाही, ते माहीत आहे मला. जरा कळू दे तिला. फार शेफारलीय."

मी ओरडू शकलो असतो, तर गाव गोळा केलं असतं. मला तोंड आहे, पण ते फक्त फवारतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने, "काकांनी धुऊन दिलाय," असं म्हणत माझ्यात जस्त आणि बोरॉन ओतलं. मी दाब धरायचा नाही असं ठरवलं, पण माझी घडण चांगली होती. धुकं उडालं. काही दिवसांत कोवळी पानं पंख्यासारखी आखडली, फुलोरा गळून पडला. बाबा बागेत उभे राहून म्हणाले, "तुझ्या त्या पुड्यांनी बाग खाल्ली."

फवारणीनंतर मला विसळलेलं पाणी तिने टाकीजवळच्या टोमॅटोच्या रोपांवर ओतलं होतं. तीही तशीच पिळवटलेली बघून ती चमकली. मग तिने माझ्यात नुसतं पाणी भरून एका चांगल्या रोपावर मारलं. तेही वाकडं झालं. "बाबा, दोष पुड्यांचा नाही, पंपाचा आहे. काकांनी यातून काहीतरी मारलंय."

"भावावर आळ घेतेस? वर तोंड करून?" बाबांनी तिला गप्प केलं. आणि कहर म्हणजे, बाग सांभाळायला त्यांनी गोडकाकालाच दिली. तोही डोळे पुसत म्हणाला, "लेकरू आहे, चुकायचंच." मला गोठ्याच्या माळ्यावर फेकलं. तिथे कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली आणि मी एकाच माणसाचा चेहरा आठवत पडून राहिलो.

वर्ष फिरलं. फुलोरा तोंडावर आला, तेव्हा गोडकाका चारचौघांत थोरलीला म्हणाला, "पोरी, मागचं विसर. माझ्या बागेला तुझं ते जस्त-बोरॉन मारून दे. तुझा हात हलका आहे." ज्या पुड्यांना त्याने बदनाम केलं होतं, त्याच त्याला हव्या होत्या!

"देते की," ती म्हणाली. आणि मला माळ्यावरून उतरवून फक्त बाहेरून पुसलं.

त्याच्या बागेत मजूर होते, बाबा होते, काकू होती. थोरली माझ्यात जस्त-बोरॉन ओतून, मला पाठीवर घेऊन पहिल्या ओळीत शिरली आणि दांडा मारू लागली. माझ्यात दाब चढला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मार, पोरी, मार! एकही पान सोडू नकोस!

पितळ चमकलेलं पाहून गोडकाका धावत आला. "हा पंप कशाला आणलास?"

"आमचाच आहे. तुम्ही नेला होता ना, तोच."

"नको, नको. जुना झालाय तो."

"दाब छान धरतो अजून." तिने नळी वेलीकडे उचलली.

"थांब! अगं, वेल जाईल माझी!"

"कशाने जाईल?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही धुऊन दिला होता ना?"

मजुरांचे हात थांबले. गोडकाकाची जीभ पहिल्यांदाच अडखळली. बाबा पुढे आले. "बोल ना. कशाने जाईल?"

काकू बोलली. "मी सांगत होते धुऊन द्या म्हणून. हे म्हणाले, कळू दे तिला."

थोरलीने नळी खाली केली. वेलीवर एक थेंबही उडाला नाही. मला तिचा राग आला, आजही येतो. "वेलीने माझं काय केलंय?" असं ती नंतर बाबांना म्हणाली. असेल. मी मात्र सोडलं नसतं.

बाबांनी त्याच दिवशी बाग परत घेतली आणि मजुरांदेखत लेकीसमोर हात जोडले. तिने ते हात धरले, पण लगेच हसली नाही. ते मला आवडलं.

निघताना तिने मला गोडकाकाच्या ओसरीत, दाराशेजारच्या खुंटीला अडकवलं. "काका, माझ्या वेलींना आता हा चालणार नाही. तुम्हीच ठेवा. काढून टाकलात का, ते बघायला मी येत जाईन."

तेव्हापासून त्याला कोणी शिडीसुद्धा उसनी देत नाही. एकदा त्याने मला मागच्या खोलीत लपवलं. काकूने परत आणून खुंटीला लावलं.

मित्रांनो, अवजार वापरलं की ते आतून बाहेरून धुवा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. आणि दुसऱ्याची वस्तू नेलीत, तर जशी नेली तशी परत करा. मी हे प्रेमाने सांगत नाही, बजावतो आहे. काकू दर आठवड्याला मला राखेने घासून लखलखीत करते. दारात आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "वा, एवढा सुंदर पंप इथे का टांगलाय?" गोडकाका खाली मान घालतो. काकू पदर खोचते, पाहुण्याला बसवते आणि पहिल्यापासून सांगायला लागते.