आठ सेकंदांचा खुंटा

माणूस हलत नाही, हा गुन्हा तुम्ही ठरवलात. त्या माणसाला एकदा समोर बसवून, "बाबा, तू इथे का उभा असतोस?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. तुम्ही फक्त फोटो बघितलेत. एका बाईने सहा वर्षं गुडघे झिजवून काढलेले फोटो तिच्याकडून गोड बोलून घेतलेत, स्टेशनच्या डागडुजीसाठी ठोकलेल्या पत्र्यांवर मिरवलेत, आणि त्याच फोटोंवर बोट ठेवून एका म्हाताऱ्याला स्टेशनातून वर्षभरासाठी हद्दपार केलंत. हद्दपारीच्या पत्रावर सहीच्या जागी कुणाचं नाव नाही, नुसता स्टेशन कार्यालयाचा शिक्का. त्यामुळे बोलायचं ते शिक्क्याशीच बोलावं लागतंय.

बाईचं नाव वीब्के हार्मसेन. वय छप्पन्न. तीस वर्षं तिने स्टेशनसमोरच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढले. हनुवटी वर, तोंड मिटा, हसू नका. मग सरकारी कचेरीतच फोटोचं यंत्र आलं आणि दुकान बसलं. जन्मभर माणसं दामटून स्थिर बसवली म्हणून की काय, त्यानंतर तिला हलणारी माणसं हवीशी झाली. रोज सकाळी ती तिपाई खांद्यावर टाकून स्टेशनात यायची आणि फलाटांवरून जाणाऱ्या पुलाच्या कठड्याशी उभी राहायची. खाली चौदा फलाट. साडेसात ते दहा नुसता माणसांचा पूर.

या शहरात कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरला की माणूस थेट येऊन म्हणतो, पुसून टाका, माझ्यादेखत. वीब्केशी मात्र कुणी कधी भांडलं नाही. ती लेन्सवर वेल्डरच्या चष्म्यासारखी काळी काच चढवायची आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवायची. आठ सेकंदांत चालणाऱ्या माणसाचा धूर होतो. तोंड नाही, नाव नाही, नुसता करडा पट्टा. पण सगळाच धूर झाला तर फोटो मळक्या फडक्यासारखा दिसतो. डोळ्याला टेकायला कुठेतरी जागा लागते. एक तरी माणूस दगडासारखा उभा असला, तरच बाकीचे पळतायत हे कळतं. असल्या माणसाला ती खुंटा म्हणायची.

तिचा खुंटा होता हिनर्क ल्यूडर्स. वय एकाहत्तर, रेल्वे यार्डात चौतीस वर्षं डबे जोडलेला माणूस. इंजिन मागे येत असताना दोन डब्यांच्या मधोमध न हलता उभं राहायचं, हेच त्याचं काम. हलला की चेपला. पहिल्यांदा तो फोटोत आला तो योगायोगाने. सगळ्या धुरात एकट्या त्याच्या कोटाची बटणं मोजता येत होती. ती खाली उतरून त्याला शोधत गेली, तर तो आधीच घाबरला, काय चुकलं विचारायला लागला.

"काही चुकलं नाही. तुम्ही हलला नाहीत."

"तेवढंच तर येतं मला," तो म्हणाला.

तेव्हापासून सहा वर्षं दोघांचं जमलं. जमलं म्हणजे काय, ती त्याला ल्यूडर्स म्हणायची, तो तिला हार्मसेनबाई. एकमेकांचं घर पाहिलं नाही, फोन नंबर घेतला नाही. सकाळी एकदा "मॉइन" असा नमस्कार घालायचा आणि कामाला लागायचं. ती वरून हात उचलायची, तो घड्याळाखाली श्वास धरून उभा राहायचा, हात खाली आला की श्वास सोडायचा. मधेच तिच्या थर्मासमधली कॉफी.

खरं तर तो फक्त गुरुवारचा माणूस. गुरुवारी नऊ चाळीसला आठ नंबरवर दक्षिणेकडून लांबची गाडी यायची. इथे तिची दिशा फिरते, म्हणून अकरा मिनिटं थांबायची. त्या गाडीच्या खानपानाच्या डब्यात त्याची मुलगी टेल्से काम करायची. बायको गेल्यावर बापलेकीत घरावरून वाजलं होतं, तीन वर्षं तोंड बघितलं नव्हतं. फोन केला तर तिसऱ्या वाक्याला घराचा विषय निघायचा आणि चौथ्याला फोन आपटला जायचा. फलाटावरच्या अकरा मिनिटांत मात्र भांडण पुरं होत नाही, म्हणून ते सुरूच होत नसे. तो लेकीला हेरिंग माशाचा पाव द्यायचा. ती म्हणायची, बाबा, फ्रांकफुर्टपर्यंत अख्खा डबा घाण मारतो. आणि दारातच उभ्याने खाऊन टाकायची.

बाकीच्या दिवशी तो यायचा तो वीब्केसाठी. तिला खुंटा हवा होता म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दीड वर्षापूर्वी तुम्ही तिला बोलावलंत. डागडुजीच्या पत्र्यांवर 'स्टेशनची गती' म्हणून फोटो लावायचे होते. तिने त्रेचाळीस दिले. प्रत्येक फोटोसोबत एक फॉर्म. फॉर्मवर छापलेलं, की फोटोतल्या व्यक्ती सहज आलेल्या आहेत, कुणालाही मुद्दाम उभं केलेलं नाही. तिने त्रेचाळीस वेळा खाली सही ठोकली. लबाडी करायची म्हणून नाही. स्टेशनातले, रस्त्यातले फोटो काढणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. माणूस आपणच मुद्दाम उभा केला हे कबूल करणं म्हणजे गवयाने रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले असं सांगण्यासारखं. सगळेच उभे करतात, कुणीच बोलत नाही. तीही बोलली नाही.

सप्टेंबर संपता संपता एका बुधवारी ल्यूडर्स घड्याळाखाली नव्हता. तिने अकरापर्यंत वाट बघितली, तिपाई आवरली, बाहेर आली, तर हा ट्रामच्या थांब्यावर उभा. आठपासून तिथेच होता. परत जाताना ती कधीतरी ट्रामला येणारच, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"इथे उभं राहायला बंदी नाही. मी बोर्ड वाचला," असं म्हणून त्याने चार घड्या घातलेलं पत्र तिच्या हातात दिलं.

प्रवासाचं कारण नसताना एकाच जागी त्रेचाळीस वेळा थांबल्याचं आढळलं. वर्षभर आवारात पाऊल ठेवू नये. तिकीट असलं तरी नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाचं स्टेशन वापरावं. लांबची गाडी त्या स्टेशनात थांबत नाही, पण ते शिक्क्याला कशाला ठाऊक असेल? पत्रामागे पुरावा जोडला होता. तिचे फोटो. प्रत्येकात सगळा धूर, मधे एक स्वच्छ म्हातारा, त्याच्याभोवती लाल गोल.

ती वाचत होती तेवढ्यात ल्यूडर्स वाकून फोटो बघत होता. म्हणाला, "चांगला आलोय की." मग म्हणाला, "हार्मसेनबाई, उद्या गुरुवार. गुरुवारचं काय करू, तेवढं सांगा."

मुलीला फोन करा, असं ती म्हणाली. त्याने मानेनेच नाही म्हटलं. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला बाप स्टेशनातून हाकलला गेला, हे लेकीला फोनवर कसं सांगणार?

वीब्के तशीच तुमच्या कार्यालयात गेली. ब्रुगमान नावाच्या माणसाने तिला बुटक्या खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, बशीत एक बिस्किट. माणूस वाईट नव्हता, तोही दमलेला दिसत होता. तिचे फोटो फार उपयोगी पडले म्हणाला. रेंगाळणाऱ्यांचा बंदोबस्त करायचा हुकूम वरून आला होता, आणि कॅमेऱ्यांतून महिनोन्महिने बघूनही कोण रेंगाळतं ते कळत नव्हतं. तिच्या फोटोत तर बघता क्षणी कळतं. हलणारा पुसला जातो, थांबणारा उरतो. तिने सांगितलं, तो रेंगाळत नव्हता, मी त्याला उभा केला होता.

ब्रुगमानने फॉर्मचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. "मग हे खोटं?"

"खोटं."

"नीट विचार करून सांगा, बाई. तुम्ही खोटं म्हणालात की फोटो उतरवावे लागतील, आणि स्टेशनात फोटो काढायचा तुमचा परवानाही जाईल."

वीब्केने विचार केला. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण गुडघे आखडले होते आणि त्या खुर्चीतून चटकन उठता येत नव्हतं, म्हणून जरा वेळ गेला. तेवढ्या वेळात सहा वर्षांचं काम हातचं गेलं. एवढ्या वयात दुसरीकडे कुठे जाऊन तिपाई मांडणार?

"सगळे त्रेचाळीस खोटे," ती म्हणाली. "त्यातले गुरुवारचे नऊ. बाकीच्या चौतीस वेळा तो माझ्यासाठी आला. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. तिने सही केली आणि विचारलं, मग उद्या तो येऊ शकतो ना? तर ते टेबल वेगळं निघालं. परवाना रद्द करायचं इथे, बंदी उठवायचं तिथे, उत्तराला सहा आठवडे. वर म्हणतो कसा, "तुम्ही उभं केलंत हे मान्य. पण तो उभा राहिला हेही खरंच ना?"

तिने विचारलं, नियमात किती वेळ उभं राहायला परवानगी आहे. आकडा सांगा.

"आकडा नाही नियमात."

"मग जास्त झालं ते कळतं कसं?"

"गार्डला कळतं," ब्रुगमान म्हणाला, आणि तिची नजर चुकवून त्याने बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला आठ नंबरवर हेरिंगचा पाव घेऊन वीब्के उभी होती. ल्यूडर्सने घरून करून, कागदात गुंडाळून, ट्रामच्या थांब्यावर तिच्या हातात दिला होता. खानपानाच्या डब्याचं दार उघडलं. एप्रन बांधलेली टेल्से दारात आली. तिला आधी पाव दिसला, मग पाव धरणारी परकी बाई. तिचा चेहरा उतरला.

"कधी गेले?" तिने विचारलं.

वीब्केला कळायला एक क्षण लागला. मग घाईघाईने म्हणाली, "अहो, आहेत. बाहेर ट्रामपाशी आहेत. त्यांना आत येऊ देत नाहीत."

टेल्से पायरीवर मटकन बसली. अकरातली चार मिनिटं सांगण्यात गेली. सगळं ऐकून ती आधी हसली. जन्मभर ज्याने उभं राहायचा पगार घेतला, त्याला उभा राहिला म्हणून काढला, म्हणाली. मग हसायची थांबली. डिसेंबरात वेळापत्रक बदलतं, पण तिची बदली त्याआधीच दुसऱ्या मार्गावर झाली होती. या गाडीवर तिचे आणखी तीनच गुरुवार उरले होते. नव्या मार्गाची गाडी या शहराकडे फिरकतही नाही.

"सहा आठवडे म्हणाले ते," वीब्के पुटपुटली. "चूक माझीच आहे."

टेल्सेने नाही म्हटलं नाही. आत गेली, कागदी पेल्यात कॉफी घेऊन आली. "हे द्या त्यांना. आणि सांगा, घराचं मी काही बोलणार नाहीये, जानेवारीत रजा मिळाली तर येते. मिळणार नाही म्हणा." गाडी सुटली. पूल चढून, जिने उतरून वीब्के थांब्यावर पोचेपर्यंत कॉफी कोमट झाली होती. ल्यूडर्सने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि रिकामा पेला कोटाच्या खिशात ठेवला.

फोटो उतरवणारं टेबल चपळ निघालं. दोन दिवसांत पत्रे कोरे झाले. बंदीचं टेबल गप्प. दोन गुरुवार वीब्केने पाव नेला, कॉफी आणली, निरोप पोचवले. टपालवाल्या बाईने टपाल पोचवावं तसं. गार्ड तिच्याकडेही बघायला लागले होते.

शेवटच्या गुरुवारी ती फलाटावर गेली नाही. स्टेशनच्या बाहेर रुळांवरून मोटारींचा पूल जातो. तो रस्ता सार्वजनिक आहे, तिथे ना तुमचा परवाना लागतो ना तुमची बंदी चालते. आठ नंबरचा शेवट, छपराबाहेरचा उघडा तुकडा, तिथून दिसतो. दोनशे मीटर असेल. तिने टेल्सेला आधीच सांगून ठेवलं होतं. तिपाई मांडली, काळी काच लावली आणि ल्यूडर्सला म्हणाली, कठड्याला हात लावू नका, हादरतं.

टेल्से छपरातून बाहेर येऊन अगदी टोकाला उभी राहिली. अंगठ्याएवढी. वीब्केने हात उचलला.

त्याच वेळी ल्यूडर्सनेही हात उचलला. त्याला राहवलं नाही. यार्डात इंजिनवाल्याला दाखवायचा तो जुना इशारा, हात आडवा, सावकाश, इकडून तिकडे. लहानपणी टेल्सेला तो घराच्या खिडकीतून दिसायचा. आता तिने उत्तर दिलं नाही. आठ सेकंद ती हललीच नाही, बापाचीच पोर. आठ सेकंद झाल्यावर, वीब्केचा हात खाली आल्यावर, तिने तोच इशारा केला. ल्यूडर्स बराच वेळ नाक पुसत राहिला. वारा फार आहे म्हणाला.

गाडी गेली. फोटो चांगला आलाय. तो तुम्हाला मिळणार नाही.

सहा आठवडे होऊन गेले, नववा चालू आहे. वीब्के रोज टपालाची पेटी उघडते, जाहिराती काढते, पेटी लावते. खोट्या सहीची जी काय शिक्षा होती ती तिने भोगली, त्याबद्दल तिचं म्हणणं नाही. ब्रुगमानपाशी विचारलेला प्रश्न मात्र अजून तसाच पडलाय. माणसाने स्टेशनात किती मिनिटं उभं राहिलेलं चालतं? आकडा लिहा. अकरा चालतात की नाही? हो किंवा नाही, एवढं कळवा, आणि या खेपेला शिक्क्याखाली नाव घाला.