बंद गाडीतला धूर

मी एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. लांबलचक, उंच टपाची, रंगाने पांढरी. फक्त बॉनेट तेवढं निळं. हे बॉनेट माझं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. माझं स्वतःचं कुठे गेलं, ते सांगताना अजूनही माझ्या पत्र्याला कापरं भरतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका टोकाने पत्रा आत जायचा आणि दुसऱ्या टोकाने आम्ही बहिणी-बहिणी बाहेर पडायचो, हुबेहूब एकीसारखी दुसरी. तपासनिसाने माझी दारं उघडून मिटली, दिवे लावून पाहिले आणि माझ्या कडेवर थाप मारून तो म्हणाला, "चल, पास!" मला केवढा अभिमान वाटला! माझ्यात एक फार कौतुकाची सोय होती. लांबच्या रस्त्यावर चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून घेतला तरी माझा वेग तसाच राहायचा. ब्रेकला पाय लागला की ती सोय आपोआप बंद व्हायची. ती बंद करणारा बोटाच्या पेराएवढा एक स्विच बॉनेटखाली, माझ्या पोटात बसवलेला होता. मी तो कधीच पाहिला नाही. आपल्या पोटात काय दडलंय, ते कुणाला दिसतं?

पहिली काही वर्षं मी हॉटेलच्या पाहुण्यांची ने-आण केली. पुढे माझा रंग उडाला, सरकतं दार अडखळू लागलं, तशी मालकाने मला विकून टाकलं. मला घेतलं ताईंनी. ताईंनी कधीकाळी आपल्या वडिलांना डायलिसिससाठी बसमधून नेलं होतं. उपचारानंतर गळून गेलेला माणूस बसच्या दांड्याला लोंबकळत कसा घरी येतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वडील गेले आणि ताईंनी ठरवलं, की अशा रुग्णांना आपण घरून न्यायचं आणि घरी सोडायचं. त्यांनी माझं मधलं बाक काढून चाकांच्या खुर्चीसाठी जागा केली आणि शेवटच्या लांब बाकावर जाड गादी घातली. लोक कौतुकाने म्हणायचे, "ताई, तुमची गाडी म्हणजे चालतं-फिरतं घर आहे." मी फुलून जायचे.

माझे दोन प्रवासी कायमचे होते. एक मेजर. ते सैन्यात कधीच नव्हते. सारा जन्म टपालखात्यात गेला. पण हुकूम असे सोडायचे, की सगळे त्यांना मेजरच म्हणत. "डावीकडे घ्या! हळू! खड्डा आहे पुढे!" दुसऱ्या काकू. त्या शिवणकाम करायच्या. त्या मागून म्हणायच्या, "अहो मेजर, गाडी ताई चालवताहेत की तुम्ही?" दोघांचं अजिबात पटायचं नाही आणि एकमेकांवाचून करमायचंही नाही.

त्या दुपारी मेजरांचा उपचार आधी आटोपला. त्यांना चक्कर येत होती. ताईंनी त्यांना मागच्या गादीवर निजवलं, अंगावर चादर घातली, दार बोटभर उघडं ठेवलं. "काकूंना घेऊन आलेच," म्हणून त्या वर गेल्या. माझं इंजिन केव्हाच थंड झालं होतं. चावी ताईंच्या पर्समध्ये होती. मी हॉस्पिटलच्या आवारात भिंतीच्या सावलीत डुलक्या घेत उभी होते.

आणि मित्रांनो, माझ्या बॉनेटखाली काहीतरी चुरचुरलं.

आधी मला वाटलं, ऊन असेल. पण ऊन आतून कसं लागेल? मग जळक्या रबराचा वास आला. बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि पाहता पाहता तिचा लोट झाला. मी बंद होते! माझ्यात चावी नव्हती! बंद गाडी पेट घेते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मागे मेजर शांत झोपले होते आणि मला हाक मारायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात वितळलेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या आणि माझा हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना.

"ए, कोण आहे तिकडे? हॉस्पिटल आहे हे, अक्कल आहे का?" पहारेकरी ओरडत आला आणि ज्वाळा पाहून जागच्या जागी खिळला.

ताई उतारावरून काकूंची चाकांची खुर्ची ढकलत येत होत्या. काकू किंचाळल्या, "मला सोड! आधी त्यांना काढ!"

ताई धावल्या. माझं दार नेमकं अडलं. नुसतं ओढून ते सरकत नाही, थोडं वर उचलावं लागतं. ताईंनी खांदा लावून ते उचललं, धुरात शिरल्या, मेजरांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. पहारेकऱ्याने आग विझवायचं नळकांडं आणून माझ्या तोंडावर रिकामं केलं. माझं बॉनेट काळं पडून वाकलं होतं. पुढची काच तडकली होती.

गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "बाईंनी इंजिन चालू ठेवलं असणार."

ताईंनी पर्समधून चावी काढली. "मी बंद केलं होतं. केलं होतं ना मी? मेजर, सांगा ना, केलं होतं ना?"

मेजर जमिनीवर बसून खोकत होते. हुकूम सोडणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी फक्त ताईंचा हात धरला आणि होकारार्थी मान हलवली. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

मला ओढत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या मेकॅनिकने माझ्या अंगावर कोरलेला नंबर संगणकात घातला आणि आलेला मजकूर दोनदा वाचला.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"या मॉडेलच्या सगळ्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या, ताई. वेग तसाच ठेवणारी सोय असते ना, ती बंद करणाऱ्या स्विचमध्ये दोष आहे. त्याच्या एका बाजूला ब्रेकचं तेल, दुसऱ्या बाजूला वीज, मध्ये पातळ पडदा. पडदा झिजला की तेल विजेत झिरपतं आणि पेट घेतं. चावी काढली तरी त्या स्विचला वीज मिळतच राहते. फुकट बदलून देतात. चहा पिऊन होईपर्यंत काम होतं."

"कधी बोलावल्या होत्या?"

"बरीच वर्षं झाली. पहिल्या मालकाला कळवलं असणार. त्यांनी गाडी विकली, निरोप तिथेच राहिला."

ताई खुर्चीत बसल्या. मग पुटपुटल्या, "ती सोय मी एकदाही वापरली नाही हो." आणि थोड्या वेळाने, "घरी ही माझ्या लेकीच्या खोलीला टेकून उभी असते. रोज."

मित्रांनो, मी तर सुन्नच झाले. तपासनिसाने मला पास केलं होतं. ज्यांना मी घर वाटायचे, त्यांच्यामध्ये मी इतकी वर्षं हे घेऊन फिरत होते, आणि ते कुठेतरी कुणाला तरी ठाऊक होतं!

माझी दुरुस्ती लांबली. भंगारात निघालेल्या माझ्या एका बहिणीचं निळं बॉनेट मला बसवलं, नव्या वायरी घातल्या, स्विच बदलला. मेजर पुन्हा माझ्यातून जाऊ-येऊ लागले; पहिले काही दिवस ते दाराशेजारीच बसत आणि काकू त्यांना ती जागा राखून ठेवत.

पण ताई बदलल्या. रस्त्यात माझ्यासारखी गाडी दिसली, की त्या खाली उतरून काच ठोठावायच्या. "तुमच्या गाडीचा नंबर तपासून घेतलाय का?" कुणी हसायचं, कुणी काच वर करायचं. एक पाळणाघरवाल्या बाई तर चांगल्याच भडकल्या. "माझी गाडी उत्तम आहे. तुम्ही तुमचं बघा!" ताई त्यांच्या मागोमाग पाळणाघरापर्यंत गेल्या. फाटकात उभ्या राहून त्यांनी माझ्या जळक्या बॉनेटचा फोटो मोबाइलवर दाखवला.

दुसऱ्या दिवशी त्या बाई वर्कशॉपमध्ये आल्या. ताईही तिथे होत्या, मीही होते. मेकॅनिकने त्या गाडीचा स्विच सोडवला आणि उलटा केला. आतून काळपट तेल त्याच्या तळहातावर ओघळलं. स्विचची एक कड जळून तपकिरी झाली होती.

"आत्ता याच गाडीतून मुलांना सोडून आले मी," त्या बाई एवढंच म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या.

बाईंनी विचारलं, "अजून किती असतील हो अशा?"

ताई उठल्या आणि पुढची गाडी शोधायला मला घेऊन निघाल्या.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरी, गल्लीत, शाळेच्या दारात एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्या मालकाला विचारा, की कंपनीने हिला परत बोलावलंय का, कधी चौकशी केलीत? आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. तो हसला तर हसू दे. चिडला तर चिडू दे. पुन्हा विचारा.