एकशेएकोणिसावी दोरी

मोहिद्दीनभाईंच्या बारदानाच्या दुकानात दर रविवारी सकाळी आमचं गणिताचं मंडळ बसायचं. मंडळ म्हणजे चार माणसं आणि रिकाम्या पोत्यांची एक थप्पी. थप्पीवर मी बसायची, कारण बाईमाणसाला जमिनीवर बसवू नये असं मोहिद्दीनभाईंचं मत होतं आणि दुकानात खुर्ची नव्हती.

मंडळ काढलं नाथाजी गुरुजींनी. तीस वर्षं सांगलीत गणित शिकवून घरी बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात कुणाला गणित नको आहे. मग ते बाजारात शिरले. चौथे लालासाहेब. मूळचे रहिमतपूरचे, पलटणीत जमादार होते, आता एका व्यापाऱ्याची हरिपूरची हळदीची पेवं सांभाळायचे.

मी त्यात कशी आले, तर गव्हासाठी दोन पोती घ्यायला गेले होते. गुरुजी मोहिद्दीनभाईंना समजावत होते की कवडी टाकली तर अर्ध्या वेळा उताणी पडते, अर्ध्या वेळा पालथी. मी पोत्याचं भोक बघता बघता म्हटलं, "अर्ध्या वेळा नाही पडत."

गुरुजींनी चष्मा वर केला. "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. टाकून बघितल्यात. हजार वेळा."

"हजार?"

"डाळ शिजेपर्यंत बसून करायचं काय? भिंतीवर कोळशानं रेघा मारत गेले. चारशे सव्वीस वेळा उताणी. आणि त्या माझ्या कवड्या. तुमच्या कवड्यांचं मला माहीत नाही."

गुरुजींनी तो आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारपासून येत चला."

माझं शिक्षण मराठी दुसरी. पुढचं सगळं भावाच्या जुन्या अंकगणितावर. त्याचीही शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे उत्तरं माझी मलाच पडताळावी लागायची. आमचे हे साताऱ्याला कचेरीत नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. त्यांना कळवलं तर उत्तर आलं, 'बारदानाच्या दुकानात बसू नये असे माझे मत आहे. तू ऐकशील याची शक्यता किती, ते गुरुजींनाच विचार.' मी विचारलं. गुरुजी म्हणाले, पुरेशी माहिती नाही.

बाजारातल्या अडचणी आम्ही सोडवत असू. जुन्या पोत्यांचा शंभराचा गठ्ठा येतो, सगळा सोडून बघता येत नाही, तर किती पोती उपसून बघितली म्हणजे गठ्ठ्याची लायकी कळेल? बाजारच्या दिवशी चहावाल्यानं दूध किती घ्यावं? असलं. कुणाचं भलं व्हायचं, कुणाचं नाही व्हायचं, पण सकाळ छान जायची.

चव्वेचाळीस सालच्या होळीच्या आधी लालासाहेबांनी पेवाचं गणित आणलं.

पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट चांगलं खोलीएवढं, खोल पंधरा हात. कडेनं पेंढा लावून आत हळद ओततात आणि तोंड बंद करून वर माती लोटतात. दोन दोन वर्षं हळदीला कीड लागत नाही, कारण आत कीड जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की ते तसंच मोकळं ठेवायचं आणि तासातासानं आत पेटता कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. टिकला की गडी उतरतो आणि पोती भरू लागतो.

"आता लढाईपायी रॉकेल कुपनावर," लालासाहेब म्हणाले. "रेल्वेचा डबा मिळतो एक दिवस, त्यात माल भरला नाही तर गेला. कंदिलावाचून नुसतं घड्याळावर सांगता येईल का, की इतके तास झाले, आता उतरा?"

गुरुजींचे डोळे लकाकले. माझेही लकाकले असणार. खोटं कशाला बोलू.

माहिती आणून दिली जोतिबानं. लालासाहेबांकडचा पेवात उतरणारा गडी तो. त्याला लिहिता येत नव्हतं, पण दर पेवाला तो सुतळीचा एक तुकडा ठेवायचा. कंदील विझला की एक गाठ. जेवढ्या गाठी, तेवढे तास हवा वाईट. होळीपासून ज्येष्ठातल्या बेंदरापर्यंत तो दर रविवारी मूठभर दोऱ्या घेऊन यायचा आणि उंबऱ्यावर बसून आमची मजा बघायचा.

"गुर्जी, गाठी सोडून बगू नका बरं का, न्हाईतर हवा भाईर पडंल."

"जोत्या, गप बस," लालासाहेब म्हणायचे.

"गप तर बसलोय की. पंधरा हात खाली गप बसायची सवं हाय मला."

एकशेअठरा दोऱ्या झाल्या. कुणाला दोन गाठी, कुणाला तीन, चारपाच दोऱ्यांना पाच. सहाव्या तासाला एकशेसतरा पेवांत दिवा टिकला होता. एका दोरीला मात्र नऊ गाठी होत्या. म्हणून मी सुवाच्य अक्षरात तक्ता केला: 'पेव उघडल्यावर सहा तासांनी उतरण्यास हरकत नाही.' आणि खाली एक ओळ लिहिली, 'एकशेअठरात एक अपवाद.'

लालासाहेबांनी तक्त्याला चौकट करून घेतली. चौकट लहान पडली. खालची ओळ लाकडाखाली गेली. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण आपलं अक्षर काचेमागं पहिल्यांदाच बघत होते, आणि ते फार छान दिसत होतं. मी काही बोलले नाही.

तेव्हापासून हरिपूरला कंदील सोडायचं बंद झालं.

श्रावणात त्या चौकटीत ओल शिरली आणि अक्षर फुटलं. लालासाहेबांनी निरोप धाडला, काकू, नवी प्रत करून द्या. या खेपेला नीट करावी म्हणून मी दोऱ्यांची वही काढली आणि प्रत्येक पेवापुढं तारीख लिहायला घेतली. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. पानं उलटत गेले. आषाढाची एक नाही. श्रावणाची कुठून असणार?

एकशेअठराच्या एकशेअठरा दोऱ्या कोरड्या दिवसांतल्या होत्या. पावसात जमीन भिजल्यावर, वारा पडल्यावर आतली हवा किती तासांनी निवळते, याबद्दल आमच्या वहीत एक अक्षर नव्हतं. कमी तास लागत असतील, जास्त लागत असतील. मला माहीत नव्हतं, आणि बाकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी माझ्या कवड्या हजार वेळा टाकून दुसऱ्याच्या कवड्यांचं भविष्य सांगून बसले होते.

निरोप्यानं जाता जाता सांगितलं होतं की सकाळी सहाला एक पेव उघडलंय, दुपारी डबा भरायचाय. घड्याळात साडेदहा झाले होते. टांगा मिळाला नाही. चिखल तुडवत हरिपूरला पोचले तेव्हा बाराला थोडी मिनिटं कमी होती.

जोतिबा कमरेला दोर बांधून पेवाच्या तोंडाशी तंबाखू मळत उभा होता. त्याची बायको मनुबाई पोत्यांना दाभण लावत बसली होती. लालासाहेब घड्याळ हातात धरून होते.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. फाल्गुन, चैत्र, कवड्या, सगळं. लालासाहेबांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हे. मग भिंतीकडं हात केला.

"काकू, ते अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"सहा तास लिहिलंय."

"ते उन्हाळ्याचं."

"उन्हाळ्याचं म्हणून कुठं लिहिलंय?"

"आषाढ गेला," ते पुढं म्हणाले. "आषाढात सात पेवं झाली घड्याळावर. कुणाला काही झालं नाही."

"त्या सातांत दिवा सोडला होता?"

"दिवा सोडायचा नाही म्हणून तर तक्ता केला, काकू."

मी जोतिबाकडं वळले. "अरे, तू तरी ऐक. एक तास थांब."

"आवं काकू, गाठी तर माज्याच हायत," तो म्हणाला. "माज्याच गाठीवर मी इश्वास न्हाई ठिवायचा, तर कुणी ठिवायचा?"

"निदान दिवा सोडून बघा."

"राकेल न्हाई."

"गोड्या तेलाचा आणते. पाच मिनिटं थांबा."

संगमेश्वराच्या देवळाजवळ पुजाऱ्याचं घर. त्यांच्या घरून पितळेचा एक जुना दिवा मागून घेतला, तेल घातलं, वात लावली, पदराआड धरून आणला. पाच मिनिटांची पंधरा झाली. आले तेव्हा दोर पेवात गेला होता आणि वर दोन गडी तो सैल सोडत होते.

पोत्यांचा दोर चालू झाल्यावर तेवढ्याशा तोंडातून दिवा सोडायला वाट नव्हती, मग करण्यासारखं काही राहिलं नाही. मी मनुबाईशेजारी पोत्यावर बसले, हातात दिवा. खालून जोतिबाचा आवाज यायचा, "सोडा", "वढा". पहिल्यांदा मोठा, मग जरा लहान. मी प्रत्येक आवाज मोजत होते. दुसरं काय येतं मला? मनुबाई दाभण चालवत होती.

"तुमचं लय उपकार हायत, काकू," ती म्हणाली. "आदी जीव टांगणीला लागायचा. आता तकत्याकडं बगितलं की बरं वाटतंय. वाचता येत न्हाई, पर बगते."

मला तिच्याकडं बघवेना.

सोळा पोती झाल्यावर आवाज थांबला. वरच्या गड्यांनी दोर हलवला, खालून उत्तर आलं नाही. पुन्हा हलवला. लालासाहेबांनी तोंडावर वाकून हाक मारली, "जोत्या रं!" किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि तेवढंच एक मोजायचं राहिलं. मग खालून दोराला हिसका बसला. त्यांनी त्याला ओढून काढलं. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. तो कडेला बसून ओकला, पाणी प्याला आणि हसला.

"जरा डुलकी लागली हुती."

मी न विचारता दिव्याला दोर बांधला आणि पेवात सोडला. ज्योत पाचसहा हात नीट गेली. मग बारीक झाली. दहा हातांवर विझली. वारा नव्हता, पाऊसही त्या वेळी थांबला होता.

सगळ्यांनी बघितलं.

"वात भिजली असणार," लालासाहेब म्हणाले. पण आवाज जरा खाली गेला होता. त्यांच्या हातात घड्याळ होतं आणि स्टेशनवर डबा.

"जोतिबा, विझला तो. गाठ मार," मी म्हटलं.

"गाठ कशाची? दिवा इझला, मी कुटं इझलो? मी हुतो की खाली." त्यानं कमरेचा सुतळीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. एकसुद्धा गाठ नाही. "लिवा, एकशे एकुणीस. सरळ."

त्या दिवशीचं पेव त्यांनी संध्याकाळपर्यंत तसंच मोकळं ठेवलं, एवढंच मला मिळालं. जाताना मी दिवा मनुबाईच्या हातात दिला. म्हटलं, तेल मी पाठवीन, कमी पडू देणार नाही. तो उतरायच्या आधी हा सोडायला लाव. तिनं दिवा दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला.

रविवारी मंडळात मी सगळं मांडलं. गुरुजींनी ऐकलं, वही बघितली, तारखा बघितल्या.

"चूक आपली आहे," ते म्हणाले. "पण बाई, तो जिवंत वर आला. आता आपण चूक म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार?"

"मग काय करायचं?"

"मी लालासाहेबांना पत्र लिहितो."

लालासाहेब समोरच बसले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "लिहा गुरुजी. मी मालकाला दाखवतो. मालक म्हणणार, आजवर कोण मेला?"

मोहिद्दीनभाईंनी चहा मागवला. कुणी प्यायलं नाही. पुढच्या रविवारी लालासाहेब आले नाहीत.

गोडं तेल मी दर आठवड्याला पाठवत राहिले, आमच्या फोडणीतलं काढून. गौरी येऊन गेल्यावर एक दिवस स्वतःच घेऊन गेले. जोतिबाचं घर नदीच्या अंगाला. मनुबाईनं चटई टाकली, पाणी दिलं. कोनाड्यात दिवा तेवत होता. लखलखीत घासलेला, खाली तांदूळ, वर जास्वंदीचं फूल.

"हा इथं कसा?" मी विचारलं.

"आवं, संगमेसराचा दिवा त्यो. पेवात कसा सोडायचा? पाय लागतील गड्यांचं." ती तेलाची बाटली घेऊन कोनाड्याशी गेली. "रोज त्ये उतरायच्या येळंला लावते. वर येस्तवर इझू देत न्हाई, बगा. उठत न्हाई हितनं. तुमच्या तेलानं लय चांगला जळतो."

तिनं वात सारखी केली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ती ज्योतीकडं बघत होती. त्या वेळी तो खाली असणार.

"किती वाजता उतरलाय?" मी विचारलं.

"बाराला. तुमच्या तकत्यापरमानं."

मी तिच्याशेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं तिनं चोळीतून काढून दोऱ्यांचा झुबका माझ्या हातात दिला. त्यांनी दिल्यात म्हणाली, वहीत लिहायला. मी मोजल्या. बावीस होत्या, सगळ्या सरळ.