माझ्या जाळीवर उरलेलं जेवण

मित्रांनो, तुम्ही म्हणजे पावाचा एक लहानसा तुकडा आहात, असं घटकाभर समजा. घाबरू नका, फार वेळ लागणार नाही. कुणीतरी तुम्हाला तोंडात टाकलं आहे. दात तुम्हाला भरडतात, लाळ तुम्हाला भिजवते आणि तुमच्यातल्या पिठाची साखर व्हायला तिथेच सुरुवात होते. मग घसरगुंडीवरून सुर्रकन खाली, जठराच्या पिशवीत. तिथे आंबट रसात घुसळून घुसळून तुमची पेज होते. पुढे लहान आतडं नावाची लांबच लांब, अंधारी नळी. तिच्या भिंती आतून मखमलीसारख्या असतात. ती मखमल तुमच्यातलं कामाचं तेवढं टिपून घेते आणि रक्ताच्या हवाली करते. उरलेला चोथा पुढे जातो.

आता तुकडा होणं थांबवा आणि माझ्याकडे बघा. मी एक जुनी गाळणी आहे. गाळणं हेच माझंही काम. पण तुमचं आतडं जे ठेवून घेतं, ते मी वाया घालवलं. कसं, ते सांगते. सांगून काही परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका तारांच्या कारखान्यात झाला. केसासारख्या बारीक पोलादी तारा आडव्या-उभ्या विणून माझी जाळी झाली, तिला गोल कडी बसली, लांब दांडा बसला. दुकानात मला एका शिंपीणबाईंनी उचललं. त्यांनी मला खिडकीकडे धरलं, जाळीतून उजेड पाहिला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "विणकर चांगला होता हो. एक धागा सुटलेला नाही." माझं आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

शिंपीणबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्या, त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि अकरा वर्षांची भाची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर शिलाईच्या मशीनवर भावाला वाढवलं होतं. भाऊ बस दुरुस्त करायचा, भावजय लिफाफ्यांच्या कारखान्यात जायची. भाची काडीसारखी बारीक, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं होतं टाचणी.

स्वयंपाकघरातलं टेबल हीच टाचणीची अभ्यासाची जागा. मी समोरच्या खिळ्यावर. त्यामुळे तिचे धडे मलाही पाठ झाले. एकदा ती पचनाचा धडा घोकत होती.

"कर्बोदकं म्हणजे तांदूळ, पाव, बटाटे. त्यांच्यापासून ताकद. स्निग्ध पदार्थ म्हणजे तेल, लोणी. ती साठवणीची ताकद. प्रथिनं म्हणजे डाळ, अंडं, दूध. त्यांनी शरीर बांधलं जातं आणि झीज भरून निघते."

"म्हणजे कापड, अस्तर आणि दोरा," आत्या मशीनवरून म्हणाल्या. "दोराच नसेल तर कापडाचा ढीग असून उपयोग काय? पुढे वाच."

"लहान आतडं सहा मीटर लांब असतं. मोठं आतडं दीड मीटर."

"काय सांगतेस! मग त्याला लहान कोण म्हणालं?"

"अगं आत्या, ते अरुंद असतं म्हणून!"

"सहा मीटरमध्ये माझे दोन झगे होतात. माप न घेता नाव ठेवणारा कुणीतरी माझ्या भावासारखा असणार."

आतल्या खोलीतून भाऊ ओरडला, "ताई, ऐकू येतंय मला!"

ते दिवस चांगले होते. आत्या मला पीठ चाळायला घ्यायच्या आणि वर राहिलेला कोंडा पुन्हा पिठात मिसळायच्या. भावजय हसून म्हणायची, "वन्सं, मग चाळलंत कशाला?" त्या म्हणायच्या, "किडे-खडे बघायला. फेकायला नाही."

एका सकाळी शिवता शिवता आत्यांच्या हातातून कात्री पडली. त्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्याच नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. महिन्याने त्या रुग्णालयातून घरी आल्या, तेव्हा उजवं अंग लुळं होतं, वाचा गेली होती आणि घास गिळता येत नव्हता. नाकातून थेट जठरात उतरणारी एक बारीक नळी होती. तेच आता तोंड.

रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञबाईंनी कागद दिला होता. मऊ शिजवलेला तांदूळ, डाळ, अंडं, भाजी, दूध, तेल. सगळं मिक्सरमधून काढून दिवसातून सहा वेळा, दर वेळी अडीचशे मिलिलिटर. भावाने त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. प्रत्येक वेळेपुढे एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. भावजयीने कारखान्यातलं काम सोडलं. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी डाळीचं एक साल नळीत अडकलं. नळी बदलायला रुग्णालयात न्यावं लागलं. नवी नळी घालताना आत्यांच्या नाकातून रक्त आलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरी आल्यावर भावजय ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा नाही. माझ्या हातून पुन्हा हे होणार नाही."

तिने मला खिळ्यावरून काढलं. मी घरातली सगळ्यात बारीक जाळी होते. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! माझ्यावर तिने मलमलीचं फडकं अंथरलं, दुहेरी. मिक्सरमधलं जेवण ओतलं. खाली पातळ, पांढरट, दुधासारखं पाणी गळलं. मोजपात्रात ते कमी भरलं, तेव्हा तिने उकळून गार केलेलं पाणी घालून अडीचशेची रेघ गाठली. नळीतून ते झरझर उतरलं. कुठे अडकलं नाही, रक्त नाही, काही नाही.

"झालं?" भावाने विचारलं.

"झालं. एक थेंब सांडला नाही."

त्याने चौकोनात खूण केली.

जेवण दिवसातून दोनदा तयार व्हायचं, सकाळी आणि दुपारी. गाळून झालं की भावजय मला तशीच टाचणीच्या हातात द्यायची आणि भांडं घेऊन कोमट आहे तोवर आत्यांकडे धावायची. माझ्यावर काय उरलं, हे तिने कधी पाहिलंच नाही. मी आणि टाचणी बघायचो. फडक्यात उरायची डाळ. उरायचं अंडं. गाजर, तांदूळ, सगळ्याचा गोळा. वाटीभर, काही वेळा शिगोशीग. टाचणी तो गोळा जिन्याखाली राहणाऱ्या मांजरीपुढे ठेवायची आणि मला पायरीवर आपटून साफ करायची.

मांजर बाळसेदार झाली. तिचे केस चमकू लागले. तिला चार पिल्लं झाली, चारही गुबगुबीत.

आणि वरच्या मजल्यावर आत्यांचे दंड वाळत चालले. पडून राहून पाठीवर झालेली जखम भरेना. शेजारीपाजारी यायचे, तक्ता बघायचे आणि म्हणायचे, "कमाल आहे हो, सख्खी मुलगीसुद्धा एवढं करत नाही." ते खरंच होतं. त्या घरात कुणीही आळस केला नाही. पहाटे उठून डाळ शिजत होती, भांडी उकळत्या पाण्यातून निघत होती, खुणा वेळेवर पडत होत्या. फक्त जेवण आत्यांपर्यंत पोचत नव्हतं. पोचत होतं ते जेवणाचं पाणी.

एकदा भावजय आत्यांना नळीतून जेवण देत असताना टाचणी मला हातात घेऊनच त्या खोलीत गेली, काहीतरी शोधायला. आत्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्यावरचा गोळा अजून ओला होता. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. घशातून आवाज काढला.

"ताईला चहा हवाय वाटतं!" भाऊ आनंदाने म्हणाला. "गाळणी बघून आठवण झाली बघ."

आत्यांनी नाही अशी मान हलवली. पुन्हा बोट केलं. मग सगळा जीव एकवटून त्यांनी मला ढकललं. मी जमिनीवर पडले, गोळा पलंगाखाली विखुरला; तो टाचणीनेच भरला.

"वन्सं, असं नका ना करू," भावजय म्हणाली. "कंटाळा आलाय का? मी तरी काय करू हो?"

आत्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला कळलं असं वाटतं. पण मित्रांनो, वस्तूला कळून काय होतं? आणि टाचणीला कळायला हवं होतं, असंही म्हणू नका. तिला जे सांगितलं, ते ती मनापासून करत होती.

मग आत्यांची पावलं भरली. गालही भरल्यासारखे दिसू लागले. घरात आनंदीआनंद. भाऊ म्हणाला, "बघ, अंगावर येतंय! ताईचे पाय बघ कसे गोल झालेत." कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

दर आठवड्याला जखम बांधायला एक परिचारिका यायची. त्या दिवशी ती जिना चढत असताना मी टाचणीच्या हातात होते आणि मांजर खात होती.

"काय गं हे?" परिचारिकेने विचारलं.

"आत्याचा चोथा."

परिचारिका खाली वाकली. मांजरीच्या तोंडापुढे पिवळ्या बलकाचे तुकडे होते. तिने माझ्या फडक्याचे दोन्ही पदर बोटांनी वेगळे केले.

"हे रोज?"

"रोज दोनदा. का हो सिस्टर?"

परिचारिकेने आपली पिशवी उचलली. वर जाऊन तिने आत्यांच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"ही तब्येत नाही सुधारलेली," ती हळू आवाजात म्हणाली. "हे पाणी आहे. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवायला प्रथिनं लागतात. ती कमी पडली की पाणी झिरपून अंगात साठतं. जखमही त्याचमुळे भरत नाही. तुम्ही गाळताय ते ठीक आहे, साल अडकू नये म्हणून गाळायचंच. पण वर उरेल ते पुन्हा मिक्सरमधून काढून त्यातच घालायचं असतं. आणि दुहेरी फडकं नको."

"कागदावर नव्हतं लिहिलेलं," भाऊ म्हणाला.

"नव्हतं," परिचारिका म्हणाली. "लिहायला हवं होतं."

भावजय खाली बसली. "अहो, पण मोजून देत होते मी," ती एवढंच म्हणत राहिली. "मोजून देत होते. अडीचशे. मोजून."

फडकं गेलं. जेवण मिक्सरमधून दोनदा काढलं जाऊ लागलं. आधी थोडं थोडं दिलं, कारण इतके दिवस उपाशी राहिलेल्या आतड्यांना एकदम सगळं सोसत नाही. पण जखमेतलं विष तोवर रक्तात गेलं होतं आणि त्याच्याशी झगडायला अंगात काही उरलं नव्हतं. अकराव्या दिवशी दुपारी आत्या गेल्या. त्या दिवशीच्या तक्त्यात तीन खुणा होत्या.

लोक आले, तेच म्हणाले, "एवढी सेवा कुणी करत नाही." प्रत्येक वेळी भावजय मान खाली घालायची.

तेव्हापासून मी धुण्याच्या जागेत, साबणाच्या डब्यामागे पडून आहे. कडी गंजली आहे. मला कुणी वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. माझी तक्रार नाही. मित्रांनो, मी फडक्यावर दोष ढकलणार नाही, कागदावरही नाही. तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर भांडं भरलं की नाही एवढंच बघून थांबू नका. त्यातलं अंगी काय लागतंय ते बघा. दंडाला हात लावून बघा, जखम बघा, वाचा गेलेला माणूस बोट कुठे करतोय ते बघा. मागे काय उरतंय ते बघा. शंका आली तर जाणत्याला विचारा, शंभरदा विचारा. प्रेम त्या घरात इतकं होतं, की त्याला काही विचारायची गरजच वाटली नाही.

काल दुपारी भावजय धुण्याच्या जागेत आली. तिने डबा सरकवला आणि मला बाहेर काढलं. माझी जाळी उजेडाकडे धरली. मग तिने हाक मारली.

"टाचणे, इकडे ये."

टाचणी आली. मला बघून दारातच थांबली.

"खरं सांग हं. मी काही बोलणार नाही तुला." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तसा. "हिच्यावर रोज किती उरायचं गं? मी बघितलंच नाही कधी. तू टाकायचीस ना मांजरीला. किती असायचं?"

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिचे दोन्ही तळवे आपोआप एकमेकांजवळ येऊ लागले, वाटीसारखे. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि हात पाठीमागे नेले.

मित्रांनो, खोटं बोलू नये, असं मीही तुम्हाला सांगितलं असतं. पण त्या मुलीने एक हात पुढे आणला, करंगळी वर केली आणि अंगठ्याने तिच्या टोकाचं अर्धं पेर दाखवलं.

"एवढंच."

"एवढंच?"

"हो. कधी कधी तेही नाही. मांजर नुसतं फडकं चाटायची."

आई त्या अर्ध्या पेराकडे बघत राहिली. टाचणीने बोट खाली घेतलं नाही.