जनकाबाईची ऑर्डर

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर विमलबाईंचा कधीच विश्वास नव्हता. त्यांची नात निशिगंधा ओसरीवर लॅपटॉप मांडून आजीच्या येसराचं ऑनलाइन दुकान उभारत होती. दुकानाचा सांगाडा तयार मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आपण फक्त आपला माल आणि फोटो भरायचे, असं ती समजावत होती.

"अन् हा सांगाडा फुकट देऊन राह्यला, तो कोन?"

"जगातले लोकं मिळून बनवतात, आजी."

"काऊन? त्याईले घरी कामं नाहीत का?"

पुढे 'घटक' नावाचा रकाना होता. तो रिकामा सोडला, की पान पुढे सरकेना.

"लिही. धने, डाळ, मिरची, मसाले. बास."

येसरात, म्हणजे रश्श्यात घालायच्या त्या भाजून दळलेल्या पिठात, आणखी एक गोष्ट असायची. ती भाजताना विमलबाई दार लावून घेत. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बीबी गावची जनकाबाई, त्यांची मावसबहीण, दर उन्हाळ्यात अमडापूरला यायची. एकाच जात्यावर समोरासमोर बसून दोघी वर्षाचा येसर दळायच्या. जनकाबाई ओव्या म्हणायची, विमलबाई नुसत्या खुंटा ओढायच्या. मग एका लग्नाच्या पंगतीत जनकाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, की ही चव माझी, विमलनं माझ्याकडून उचलली. तेव्हापासून एकतीस वर्षं दोघींचं बोलणं नाही. त्याच उन्हाळ्यापासून ती एक गोष्ट येसरात आली, आणि दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा चिखलीला गेली. लॅपटॉप उघडाच राहिला होता. जाता जाता विमलबाईंनी पडद्यावर वाचलं. नवीन ऑर्डर. जनकाबाई, मुक्काम बीबी. येसर, अर्धा किलो.

एकतीस वर्षांत साधी चौकशी नाही. नवरा गेला तेव्हाही दारात आली नाही. आणि आता दुकान नीट लागायच्या आत हिची ऑर्डर? चव घेऊन आत काय आहे ते ओळखायचं असणार, दुसरं काय. विमलबाईंनी अर्धा किलो येसर वेगळा दळला, ती गोष्ट न घालता, आणि पिशवीचं तोंड दोऱ्यानं शिवून टाकलं.

संध्याकाळी त्यांनी पिशवी नातीपुढे ठेवली. "घे. तुह्या गिऱ्हाइकाले धाड."

निशिगंधा गोंधळली, मग तिनं पडद्याकडे पाहिलं. "आजी, हे ऑर्डर मीच टाकली. दुकान चालते का नाही, पाहाले. नाव तर लागते ना कोनाचं तरी. तू रोज तिच्याच गोष्टी सांगतं, तेच सुचलं. दुकान अजून या लॅपटॉपच्या बाहेर गेलंच नाही."

"म्हन्जे जनकीनं मांगतलं नाही."

"नाही."

"तिले ठाऊकच नाही."

"कसं असंन?"

विमलबाईंनी पिशवी परत मांडीवर घेतली. मग त्यांनी दातानं दोरा तोडला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कढईचा आवाज आला, खलबत्त्याचा आला. बाहेर आल्या तेव्हा पिशवी पुन्हा शिवलेली होती.

"मुक्काम बीबी एवढ्यानं भागत नाही. मारुतीच्या पाराजवळ, असं लिही."

"खरंच धाडायचं?"

"ऑर्डर आली ना? मंग." त्यांनी पिशवी तिच्याकडे सरकवली. "अन् तिनं फोन करून इचारलं, यात काय टाकलं म्हून, तर तू काई सांगू नको. फोन मले दे."