पिराजीचा डबा

गोष्ट २००६ सालची. हातकणंगल्याजवळ विठाबाईंचं गुऱ्हाळ होतं आणि तिथं तीस वर्षं गूळ करणारा गुळव्या एकच, पिराजी. काहिलीच्या मोठ्या कढईत रस तापून मळी, त्यातल्या मळाचा फेस, वर यायला लागली की तो सगळ्यांकडं पाठ करायचा आणि आपल्या पत्र्याच्या डब्यातून मूठभर पांढरी पूड रसात टाकायचा. कसली, ते विठाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. गुळव्याला त्याच्या हातचं विचारू नये, ही तिथली रीत.

त्या हंगामात नात मोना राजारामपुरीतल्या नेट कॅफेतून एक कागद छापून घेऊन आली. ‘गुळाचं काळं सत्य! गुळवे पाठ फिरवून रसात विषारी पावडर टाकतात.’

“कुणी लिवलंय गं?”

“नाव न्हाय, आजी. ‘एक जागरूक ग्राहक’ एवढंच हाय.”

“कुठल्या गावचा?”

“नेटवर गाव कुठलं असतंय!”

विठाबाई हसल्या, पण कागद त्यांनी उशाखाली ठेवला. कोण बघून गेलं असेल? काकवी खाऊन गेलेले पुण्याचे पावणे? की पलीकडच्या गुऱ्हाळाचा बाळासो? चार दिवसांनी त्यांच्या मनानं वेगळीच वाट धरली. पाठ फिरवल्याचं लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक, मग पावडरीचंही खरं असलं तर? त्या पिराजीच्या पाठीवर नजर ठेवून बसू लागल्या. घरचा गूळही त्यांना कडवट लागायला लागला.

शेवटी भर कामात त्या म्हणाल्या, “पिराजी, डबा दाव.”

पिराजीनं डबा उघडून थोडी पूड त्यांच्या तळहातावर ओतली. “चुना हाय, आक्का. पानाला लावत्यात त्योच, वाळवून चाळल्याला. मळी निघती त्येनं.”

“मग पाठ कशाला करतोस रं?”

“बा करायचा म्हून. तीस वर्सं इचारलं न्हाईसा. आजच का?”

त्यांनी कागद पुढं केला. पिराजीला वाचता येत नव्हतं. मोनानं वाचून दाखवलं.

“ह्येला वळखतासा तुम्ही?” त्यानं विचारलं.

विठाबाईंनी मोनाच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली.

“मला तर वळखत हुतासा न्हवं?”

ती काहील त्यानं नीट उतरवली, ढेपा भरल्या, हात धुतले आणि डबा काखेत मारून गेला.

पिराजी पुढं बाळासोकडं लागला. तिथंही पाठ करूनच चुना टाकायचा म्हणे. विठाबाईंचं गुऱ्हाळ दोन हंगामांत बंद पडलं. दुसऱ्या कुणाच्या हातच्या गुळाला तो रंग आलाच नाही. मोना बँकेत लागली. २००९ साली तिला नेटवर तोच मजकूर पुन्हा सापडला, कागदाच्याही दोन वर्षं आधीचा, भलत्याच राज्यातल्या गुळाबद्दल. तिनं तो आजीला वाचून दाखवला. विठाबाईंनी सगळा ऐकून घेतला आणि पायात चपला घातल्या. बाळासोच्या गुऱ्हाळापर्यंत गेल्या, पिराजीची पाठ लांबून बघितली आणि तशाच माघारी आल्या.